बेदाण्याच्या धंद्यात भागीदारीपत्र करताना

बेदाण्याच्या धंद्यात पैसा लागतो तो हंगामात. फेब्रुवारीपासून द्राक्षं शेडवर सुकायला पडतात, मग माल सौद्याला, म्हणजे लिलावाला, येऊ लागतो. तेव्हा खरेदी केली नाही तर दिवाळीला विकायला हातात काही राहत नाही. विक्रीचा पैसा मात्र वर्षभर तुकड्या-तुकड्यानं येतो. मधली पोकळी भरायला बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, लागतं. ते आम्ही मागायला गेलो, तर बँकेनं तीन गोष्टी मागितल्या: नोंदणी झालेल्या फर्मचं भागीदारीपत्र, फर्मच्या नावाचा पॅन आणि जागेचे कागद. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

तोवर आमचं काम असं चाललं होतं. तासगाव तालुक्यात माझ्या मैत्रिणीच्या सासरची शेड आहे. ती फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. माल धुणं, निवडणं, प्रतवारी, अर्ध्या किलोची पाकिटं भरणं हे सगळं ती बघते. खरेदी तिचे दीर बघतात, त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो. सौद्यात उभं राहून मूठभर माल बघितला की किती भावापर्यंत जायचं हे त्यांना कळतं. ते आम्हा दोघींना या जन्मी जमणार नाही. मी पुण्यात असते. विक्री आणि हिशेब माझ्याकडे, आणि सुरुवातीचा बराचसा पैसाही माझा. जीएसटी, फूड लायसन्स, बँक खातं असं सगळं मैत्रिणीच्या एकटीच्या नावावर होतं. तिच्या ताळेबंदात माझे पैसे 'बिनतारणी कर्ज' म्हणून दाखवलेले होते आणि दादांचं तर नावच कुठं नव्हतं. आम्ही एकमेकांना पार्टनर म्हणत होतो आणि नफा होईल तसा वाटून घेत होतो.

सीएंच्या ऑफिसातून तयार नमुना आला. पाच पानं, नावांच्या आणि टक्क्यांच्या जागा मोकळ्या. दादा म्हणाले, "बँकेला दाखवायला पायजे ना? मग सही करून मोकळं होऊ." मी तो नमुना सांगलीतल्या एका वकीलबाईंना वाचायला दिला. त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "यात फक्त तुमची नावं तुमची आहेत."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मला पुऱ्या प्रक्रियेत सगळ्यात उपयोगी वाटली. कागदावर त्यांनी आमच्यासाठी काहीच लिहिलं नाही. आम्ही काहीच लिहिलं नाही तर काय होईल, ते वाचून दाखवलं. भागीदारी तोंडी असली तरी ती कायदेशीर असते. पण जे भागीदारांनी आपसांत ठरवलेलं नाही, ते भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ ठरवतो. कलम १३ प्रमाणे नफा-तोटा सगळ्यांचा सारखा, मग भांडवल कुणी किती का घातलेलं असेना. धंद्यात राबल्याबद्दल कुणालाही पगार नाही. भांडवलावर व्याज नाही, भांडवलापलीकडे उसने दिलेल्या रकमेवर तेवढं सालाना ६ टक्के. मुदत ठरलेली नसेल तर कुणीही एक लेखी नोटीस देऊन फर्म मोडू शकतो. आणि एक भागीदार वारला की फर्म संपली.

आम्ही तिघं गप्प बसलो. प्रत्येकाला त्यातलं एक-एक वाक्य लागलं होतं, आणि प्रत्येकाचं वाक्य वेगळं होतं. मैत्रिणीला पगाराचं, मला व्याजाचं, दादांना सारख्या तोट्याचं. आमच्यातला सगळा समजूतदारपणा तोवर यावर उभा होता की ही वाक्यं कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं.

भांडवलाचे आकडे सोपे होते. माझे ६ लाख, मैत्रिणीचे २, दादांचे २. टक्क्यांवर मात्र बराच खल झाला. दादांचं म्हणणं, खरेदीतच नफा आहे, बाकी सगळी पाकिटं भरायची कामं. मैत्रीण यावर जे बोलली ते इथं लिहीत नाही. शेवटी वकीलबाईंनी तीन गोष्टी तीन खिशांत घालायला लावल्या: पैशाला व्याज, रोजच्या कामाला पगार, आणि मग जे उरेल त्याचे टक्के. एकाच टक्क्यात पैसा, कष्ट आणि अनुभव कोंबायला गेलं की भांडण संपत नाही. असं वेगळं केल्यावर ३५, ३५, ३० वर तासाभरात आलो. तोट्याचेही तेच टक्के.

व्याजाच्या बाबतीत सीएंचा आग्रह १२ टक्क्यांचा. तेव्हाच्या, म्हणजे १९६१ च्या, प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४०(ब) प्रमाणे फर्मला भागीदाराच्या व्याजाची वजावट १२ टक्क्यांपर्यंत मिळत होती. वकीलबाई म्हणाल्या, ती कमाल मर्यादा आहे, तेवढं द्यायलाच हवं असं नाही. आम्ही १० धरले, आणि तेही नफा असेल त्याच वर्षी.

पगाराचं कलम सीए आणि वकीलबाईंनी आमच्यासमोर अर्धा तास घासलं. सीएंच्या नमुन्यात होतं, "भागीदार परस्परसंमतीने ठरवतील त्याप्रमाणे मेहनताना." असं मोघम लिहिलेलं चालत नाही, हे नंतर सीएंनीच कबूल केलं. १९९६ च्या ७३९ क्रमांकाच्या परिपत्रकात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं स्पष्ट केलंय की करारात एक तर रक्कम हवी, नाही तर ती काढायची पद्धत हवी, तरच वजावट. त्यात २०२४-२५ पासून मर्यादा बदलली: पहिल्या ६ लाखांच्या पुस्तकी नफ्यावर (म्हणजे भागीदारांचा पगार वजा करण्याआधीच्या नफ्यावर) ३ लाख किंवा ९० टक्के, यांतलं जास्त असेल ते, आणि त्यापुढच्या नफ्यावर ६० टक्के. त्या आधी हे आकडे ३ लाख आणि दीड लाख होते. मैत्रिणीचे महिना २५ हजार लिहिले, म्हणजे वर्षाचे बरोबर ३ लाख, तोट्याच्या वर्षातही वजावटीत बसणारे. एप्रिल २०२५ पासून फर्मनं भागीदाराला दिलेला पगार आणि व्याज मिळून वर्षाला २० हजारांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापायचा, हेही सीएंनी तेव्हाच सांगून ठेवलं. घरच्याच माणसाचा टीडीएस कापायचा ही कल्पना दादांना आजही पटत नाही.

दादांना पगार नको होता, शेडचं भाडं हवं होतं. इथं खरी गाठ बसली. दादा म्हणत आले होते, शेड माझीच. सातबारा काढला तर त्यावर सासूबाई, दादा, मैत्रिणीचा नवरा आणि एक नणंद अशी चार नावं. वीजबिल अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. वकीलबाईंनी आधी एक शंका मिटवली: शेड भांडवल म्हणून फर्ममध्ये आणायची का? आणायची तर ती फर्मची मालमत्ता होणार. मग उद्या फर्मचं देणं थकलं तर शेडवर टाच. शिवाय भांडवल रोख नसून मिळकतीच्या रूपात आलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क खरेदीखतासारखं, बाजारभावावर लागतं. हे ऐकल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही. करारात स्पष्ट लिहिलं की जागा फर्मची नाही, फर्म ती भाड्यानं वापरते, आणि आत बसवलेली यंत्रं, रॅक आणि वजनकाटा मात्र फर्मचे.

त्यासाठी चौघांच्या सह्यांचा वेगळा भाडेकरार करून तो नोंदवावा लागला. नणंद इचलकरंजीहून आल्या, कागद नीट वाचला आणि म्हणाल्या, "म्हणजे भाड्यात माझा चौथा हिस्सा." दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी वर्षं त्या शेडचा विषय निघाला की त्या मुकाट्यानं चहा टाकायला उठायच्या. सासूबाईंनी आपला हिस्सा बँकेत नको, रोख हवा असं सांगितलं. ते जमणार नाही हे त्यांना पटवायला मैत्रिणीला एक अख्खी दुपार लागली. भागीदारी आम्हा तिघांची, पण निम्मं काम तिच्या घरच्या चार माणसांत झालं. गावाकडच्या कुठल्याही धंद्यात हे असंच असणार, जागा आणि माणसं कधी एकट्याची नसतात.

सह्यांचे अधिकार हा पुढचा वाद. भागीदारी कायद्याच्या दृष्टीनं प्रत्येक भागीदार फर्मचा एजंट असतो. धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात एकानं शब्द दिला की तिघं बांधली जातात, आणि कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक जण एकट्यानंही पूर्ण जबाबदार. म्हणजे दादांनी सौद्यात दहा लाखांचा माल उचलला आणि पैसे फिटले नाहीत तर वसुली माझ्या पुण्यातल्या फ्लॅटवरही येऊ शकते. मी म्हटलं, दोन लाखांवरच्या खरेदीला दुसऱ्याची संमती. दादा हसले. "बोली चालू असताना तुम्हाला फोन लावू, ताई? तवर माल दुसऱ्याच्या टेम्पोत बसतोय."

त्यांचं खरं होतं. मग आम्ही उलट्या बाजूनं गेलो. दर रविवारी तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढच्या आठवड्याची खरेदीची कमाल रक्कम आणि हिरव्या-पिवळ्या मालाचा वरचा भाव ठरणार. त्याच्या आत दादा मोकळे. बाहेर गेले तर जादा रकमेचा तोटा त्यांच्या खात्यावर, फायदा मात्र फर्मचा. हे शेवटचं दादांनी मान्य करणं मला अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "मग आठवड्याचा आकडा ठरवताना हात आखडता घेऊ नका म्हणजे झालं." वकीलबाईंनी लगेच सावध केलं की ही मर्यादा आपसांतली. ज्या व्यापाऱ्याला ती माहीत नाही, त्याला दाखवून आपल्याला हात वर करता येणार नाहीत. चेकवर कुठल्याही दोघांच्या सह्या ठेवल्या.

मधे एकदा मी एलएलपीचं, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचं, काढलं. २००८ च्या कायद्यानं आलेल्या त्या प्रकारात भागीदाराची जबाबदारी मर्यादित असते, मग तेच का नको? सीए म्हणाले, दरवर्षीची विवरणपत्रं आणि त्यांचा खर्च वाढेल, आणि बँक तिघांच्या वैयक्तिक हमीपत्रावर सह्या घेणारच, मग मर्यादित जबाबदारीचा मुख्य फायदा बँकेपुरता तरी गेलाच. आमच्या आकाराला ते पटलं. उधारीवर मोठी खरेदी करणाऱ्यांनी मात्र हा हिशेब स्वतः मांडावा.

बाहेर पडण्याच्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. बाहेर पडणाऱ्या भागीदाराचा हिशेब मिटवला नाही आणि धंदा पुढं चालू राहिला, तर कलम ३७ प्रमाणे त्याला एक तर त्याच्या वाट्याच्या मालमत्तेतून झालेला पुढचा नफा मागता येतो, नाही तर त्या रकमेवर ६ टक्के व्याज, निवड त्याची. पण मुळात त्याचा वाटा किती? आमच्या धंद्यात ३१ मार्चला बँकेत खडखडाट आणि कोल्ड स्टोरेजमध्ये माल असतो. एप्रिलमध्ये कुणी 'माझे पैसे द्या' म्हणालं, तर अर्धा साठा पडत्या भावानं काढावा लागेल. म्हणून लिहिलं: सहा महिन्यांची लेखी नोटीस, हिशेब त्यानंतर येणाऱ्या ३१ मार्चचा, साठ्याची किंमत खरेदी किंवा बाजारभाव यांतली कमी असेल ती, आणि पैसे दिवाळीनंतर चार हप्त्यांत. छापील नमुन्यात हे येणं शक्यच नव्हतं. तो नमुना लिहिणाऱ्याला बेदाणा मार्चमध्ये येतो आणि दिवाळीत जातो हे माहीत असायचं कारण नाही.

ब्रँडचं नाव मैत्रिणीनं सुचवलेलं, ट्रेडमार्कचा अर्ज तिच्या नावावर. ती एकदम गप्प झाली. नाव तिच्या आजीच्या हाक मारण्यावरून आलेलं आहे. मी आणि दादा म्हणालो, फर्म मोडली तर नाव तुझं, पण फर्म चालू असेपर्यंत फर्मचं, आणि तू आधी बाहेर पडलीस तर एक वर्ष आम्हाला वापरू द्यायचं. तसंच लिहिलं. वकीलबाईंच्या मते हे कलम कच्चं आहे, नावाची किंमत काढायची पद्धत त्यात नाही. आम्हाला त्या दिवशी तेवढंच झेपलं.

मृत्यूचं कलम आलं तेव्हा दादा उठून बाहेर गेले. "असलं अभद्र कशाला लिहायचं, वहिनी?" वहिनींनी, म्हणजे माझ्या मैत्रिणीनं, त्यांना बाहेर जाऊन काय सांगितलं मला माहीत नाही, पण ते परत आले ते आपल्या बायकोचं नाव वारस म्हणून सांगतच. उरलेले दोघं फर्म चालू ठेवतील, वारसाला बाहेर पडणाऱ्याच्याच पद्धतीनं पैसे मिळतील, आणि दोघांची संमती असेल तर वारस भागीदार होऊ शकेल. दोघांचीच फर्म असती तर हे कलम लिहूनही उपयोग नव्हता, एक गेल्यावर उरलेला एकटा फर्म होत नाही.

वादासाठी लवाद नेमायचं ठरलं तेव्हा दादांना आपले मामा हवे होते, भावकीतले वाद तेच मिटवतात. पण पक्षकाराचा नातेवाईक लवाद असला तर त्याच्या निःपक्षपातीपणावर हरकत घेता येते. नाव न घालता, तिघांनी मिळून एक लवाद नेमायचा आणि ठिकाण सांगली, एवढं ठेवलं. मामांना आधी भेटायचं असं मात्र दादांच्या समाधानासाठी समेटाच्या कलमात घातलं, नाव न लिहिता 'कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्ती' म्हणून.

बाकीचं मग भराभर झालं. १० लाख भांडवलावर एक टक्का म्हणजे १० हजार मुद्रांक शुल्क ऑनलाइन चलनानं भरलं, दोन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या, नोटरी झाली. पॅन आला, त्याचं चौथं अक्षर 'एफ', म्हणजे फर्म. मैत्रिणीच्या नावाच्या जुन्या जीएसटी नोंदणीत उरलेलं, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट आयटीसी-०२ हा फॉर्म भरून फर्मकडे वळवलं आणि मग ती नोंदणी बंद केली. आणि करारात एक ओळ घातली की तिच्या जुन्या काळातली देणी फर्मची नाहीत. माझं 'बिनतारणी कर्ज' नोंदी करून भांडवल झालं.

फर्मची नोंदणी फर्म निबंधकांकडे करायची असते. अर्जात फर्मचं नाव, धंद्याची जागा, प्रत्येक भागीदार कधीपासून आला, त्याचा कायमचा पत्ता, मुदत, आणि सगळ्यांच्या सह्या. आमचा अर्ज एकदा त्रुटी म्हणून परत आला, कारण तेच सासऱ्यांच्या नावाचं वीजबिल. भाडेकरार आणि चौघांचं ना-हरकतपत्र जोडल्यावर काम झालं. नोंदणी सक्तीची नाही, म्हणून पुष्कळ जण करारावर थांबतात. पण कलम ६९ वाचावं. नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या आधारे बाहेरच्या माणसावर वसुलीचा दावा लावता येत नाही, आणि भागीदारालाही फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर कराराचा हक्क सांगून दावा करता येत नाही. १९३२ चा कायदा १ ऑक्टोबर १९३२ ला लागू झाला, पण हे एक कलम वर्षभर मागं ठेवून १९३३ मध्ये आणलं, लोकांना नोंदणीला वेळ मिळावा म्हणून. महाराष्ट्रात तर १९८४ च्या दुरुस्तीनं फर्म मोडण्याचा, हिशेबाचा दावाही नोंदणीशिवाय बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. वसुलीची अडचण मात्र आजही आहे. आम्ही मुंबई-पुण्यातल्या दुकानदारांना उधारीवर माल देतो, त्यामुळं आमच्यासाठी हे एकच कारण पुरेसं होतं.

बँकेचं कॅश क्रेडिट हंगामाच्या तोंडावर मंजूर झालं. रविवारच्या आकड्यावर पहिल्याच महिन्यात एकदा कुरबुर झाली. दादांनी हिरव्या मालात ठरल्यापेक्षा वर जाऊन उचल केली होती, आणि स्वतःच ग्रुपवर लिहिलं, "जादा माझ्या खात्यावर धरा." तो माल पुढं चांगला विकला, त्यामुळं कलमाप्रमाणे फायदा फर्मचा झाला, आणि त्यावरून ते अजून आम्हाला बोलतात.

एक मुद्दा आम्ही उघडा सोडलाय. दादांचा पुतण्या स्वतःची बेदाण्याची शेड चालवतो आणि दादा त्याच्यासाठीही सौद्यात उभे राहतात. भागीदार असेपर्यंत दुसरा धंदा करायचा नाही असं करारात घालता येतं, कायदा त्याला आडवा येत नाही. मैत्रिणीला ते कलम हवंय. दादा म्हणतात, घरचं पोरगं आहे. मला दोन्ही बाजू कळतात, पण एकाच सकाळी एकाच ढिगावर ते कुणासाठी बोली लावणार हे कुठंतरी लिहिलेलं असावं असं वाटतं. वकीलबाईंनी पुरवणी कराराचे दोन मसुदे पाठवलेत. पुढच्या फेब्रुवारीच्या आत त्यातला एक ठरवायचाय.